मिस्त्रीदांचे सुटे भाग

एका मोठ्या जर्मन मोटार कंपनीचा इतिहास मी कोलकात्यात अकरा वर्षं शिकवतो आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिथेच नोकरीला आहे. बालीगंजला आमच्या मालकांची एजन्सी आहे. पुढे काचेची शोरूम, मागे वर्कशॉप आणि वरच्या मजल्यावर एक लांबट खोली. नवे विक्रेते लागले की पहिले दोन दिवस त्या खोलीत माझ्यासमोर बसतात. गाडीची किंमत आणि मायलेज त्यांना नंतर शिकवतात. आधी इतिहास. महाग गाडी घेणाऱ्या माणसाला लोखंडाबरोबर एक गोष्टही हवी असते, असं मालकांचं म्हणणं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील तिथल्या कॉलेजात शिपाई होते. ज्या वर्गांचे फळे ते पुसायचे त्याच वर्गात बसून मी इतिहास घेऊन बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी शोधत कोलकात्याला आलो, पण इतिहासाच्या पदवीवर मोटारीच्या धंद्यात कोण घेणार होतं? मालकांनी घेतलं. मुलाखतीत हसून म्हणाले, "इतिहासवाला आहेस ना, मग आमचा इतिहास सांभाळ." त्या वाक्यावर माझा संसार उभा राहिला आणि हे मी कधी विसरलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

कंपनीकडून आलेलं इतिहासाचं जाड पुस्तक मला जवळजवळ पाठ आहे. शेडमध्ये इंजिन जुळवणारा संस्थापक, पहिल्या शर्यती, विमानांची इंजिनं, मग युद्ध. युद्धात पकडून आणलेल्या माणसांना कारखान्यात जबरदस्तीने राबवलं, हे कंपनीने स्वतःच त्यात छापलं आहे, अर्धं पान. तेही मी वाचून दाखवतो. तेव्हा मुलं मोबाइल बघतात. पण त्याच्या पुढचं पान माझं आवडतं. बॉम्बनी कारखाना जमीनदोस्त झालाय. कामगार न बोलावता परत येतात. ढिगारा उपसून यंत्रं काढतात. आधी पातेली आणि हातगाड्या बनवतात, मग मिळेल त्या पत्र्यातून आणि दुसऱ्या गाड्यांच्या भागांतून मोटारी जोडतात. या पानाला माझा आवाज आपोआप चढायचा.

एकदा वर्ग चालू असताना दारात खालच्या वर्कशॉपमधून वर आलेले मिस्त्रीदा उभे होते. मातीच्या भांड्यातला चहा संपवत त्यांनी ते पान पूर्ण ऐकलं. हिंदी आणि बंगालीची भेसळ करून म्हणाले, "मास्टरमोशाय, हे जर्मन लोक तर आमच्यासारखेच निघाले!"

मुलं हसली. एक जण म्हणाला, "दादा, तुम्ही पण पातेली बनवलीत का?"

"पातेली तुझी बायको आणेल रे. मी गाडी बनवली. खाली उभी आहे, जाऊन बघ."

खाली उभी होती ती मालकांच्या आजोबांची काळी गाडी, सत्तर वर्षांची. शोरूमच्या दर्शनी भागात दोरी लावून ठेवलेली. मिस्त्रीदा वर्कशॉपमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. निवृत्त होऊनही त्या एका गाडीसाठी रोज बराकपूरहून लोकलने सियालदाला आणि तिथून बसने येत. परदेशातून सुटे भाग आणायला बंदी होती त्या काळात त्यांनी ती गाडी चालती ठेवली होती. बुश हावड्याच्या लेथवर कातून घेतले. गॅस्केट स्वतः कापली. पिस्टनच्या रिंगा ट्रकच्या, घासून बसवलेल्या. दरवाजाचं रबर ट्यूबमधून काढलेलं. मालकांच्या लग्नाची वरात त्याच गाडीतून निघाली होती आणि चालवायला मिस्त्रीदाच होते.

गेल्या वर्षी जर्मनीहून मेल आला. कंपनी जगभरातून जुन्या गाड्या निवडणार होती. निवडलेली गाडी त्यांच्या संग्रहालयात काही महिने मांडायची आणि ती सांभाळणाऱ्या मेकॅनिकला पाहुणा म्हणून बोलवायचं. मालकांनी मेल मोठ्याने वाचून दाखवला. मिस्त्रीदांनी हात कापडाला पुसले आणि विचारलं, "कारखाना पण दाखवतील?"

"दाखवतील ना," मालक म्हणाले.

त्यानंतरच्या महिन्यात त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट काढला. एस्प्लनेडच्या फुटपाथवरून एक जाड कोट आणला आणि एप्रिलच्या उकाड्यात तो घालून वर्कशॉपभर फिरले. सगळ्यांनी चेष्टा केली. "दादा, जर्मनीला पोचायच्या आधी वाफ होईल तुमची!" त्यांनी कोट काढला नाही.

मेलबरोबर बारा पानांचा फॉर्म होता. तो मालकांनी माझ्याकडे दिला. इंग्रजी मी पुस्तकातून घासून शिकलेलो, त्यामुळे बोलताना चाचरतो, पण लिहायला चोख. तीन रविवार मी बराकपूरला मिस्त्रीदांच्या घरी गेलो. ते जमिनीवर बसून आठवायचे, मी लिहायचो. प्रत्येक भागापुढे रकाना होता: मूळचा आहे की बदललेला, बदलला तर कधी, कुठे, कोणी.

दुसऱ्या रविवारी ते थांबले. "मास्टरमोशाय, हे सगळं लिहायचं?"

"सगळं."

"बुशचं चालेल. पण गेल्या उन्हाळ्यात मी इंजिनाच्या पेट्रोल पंपातला रबरी पडदा बनवला, इथेच, आपल्या वर्कशॉपमध्ये. तोही?"

"विचारलंय ना? मग लिहायचं. त्यांच्या पुस्तकातच आहे, दादा. मिळेल त्यातून गाड्या केल्या त्यांनी. त्यांना आनंदच होईल."

आमच्या शाळेत एकच शिकवण होती: प्रश्न सोडायचा नाही, येतं ते सगळं लिहायचं, जागा कमी पडली तर पुरवणी जोडायची. मी पुरवणी जोडली. सत्तावीस भागांची यादी, प्रत्येकाचा फोटो, आणि शेवटी दोन पानं स्वतःच्या मनाने: ढिगाऱ्यातून उभा राहिलेला तो कारखाना आणि मिस्त्रीदांचा लेथ यांची तुलना. ते लिहिताना माझे डोळे भरून आले होते. कॉलेजातल्या सरांना ही पानं पाठवावीत असंही मनात आलं होतं. आपली हुशारी दाखवायची ती हौस होती, हे तेव्हा कळलं नाही.

मालकांनी फॉर्म न वाचता सही केली.

उत्तर फार सभ्य होतं. प्रामाणिक माहितीबद्दल आभार. गाडीत मूळचं फारसं उरलेलं नसल्याने निवड करता येत नाही, याबद्दल खेद. आणि एक ओळ खाली: अधिकृत वर्कशॉपमध्ये कंपनीबाहेरचे भाग अलीकडेही बनवून बसवले गेल्याचं दिसतं, म्हणून हा विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे.

संबंधित विभागाचा माणूस दिल्लीहून आला. आमचाच, भारतीय, लॅपटॉपवाला. दोन दिवस त्याने ग्राहकांच्या गाड्यांचे कागद तपासले. त्यांत काही सापडलं नाही, कारण काही नव्हतंच. तरी जाताना तो म्हणाला की एजन्सीने लेखी खुलासा द्यावा. तो बाहेर पडला तसं मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"इतिहासवाले, बारा पानांच्या फॉर्मवर तू पुरवणी जोडलीस?"

"सर, त्यांनी विचारलं होतं."

"तुझ्या घरी पाहुणा आला आणि त्याने विचारलं, घर कसं आहे, तर तू त्याला संडासाची फुटलेली फरशी दाखवतोस?"

मी खाली बघत उभा राहिलो. ते थोडे मऊ झाले. म्हणाले, "ऐक. एजन्सी गेली तर साठ माणसं घरी बसतील. तूसुद्धा. खुलासा तू लिही. मिस्त्रीदा निवृत्त आहेत. ते भाग त्यांनी हौसेने, स्वतःच्या जबाबदारीवर, आम्हाला न सांगता बसवले. एजन्सीला काही माहिती नव्हती. पुढे त्यांना वर्कशॉपमध्ये प्रवेश नाही. बस, एवढंच."

"सर, पण तुमच्या लग्नात..."

"माहीत आहे मला माझं लग्न," ते म्हणाले. "उद्या सकाळी पाहिजे."

घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसलो. माझी बायको इथलीच, कोलकात्यातल्या मराठी घरात जन्मलेली. तिच्या वडिलांनी इथल्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. तिने मागून मसुदा वाचला.

"अहो, हे खोटं आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मालकांनी हॉस्पिटलात बेड मिळवून दिला होता. आपण विसरायचं का ते?"

"एक फोन केला होता त्यांनी," ती म्हणाली. "आणि बराकपूरहून आठ दिवस पेजेचा डबा कोण आणत होतं? ते बरं विसरलात."

ती ताटं मांडायला गेली आणि जरा जोरातच मांडली.

उपकार करणारे दोघेही होते. मी मोठा निवडला. माझ्यासारख्या माणसाला लहानपणापासून हात जोडायला शिकवतात, आणि जोडलेले हात आपोआप वरच्याकडे वळतात. डब्याला कुणी उपकार म्हणत नाही. फोनला म्हणतात. हे मला त्या टेबलावर बसल्याबसल्या स्पष्ट दिसत होतं आणि तरी मी एकेक वाक्य नीट घासून लिहीत होतो. 'एजन्सीच्या माहितीशिवाय' की 'एजन्सीच्या संमतीशिवाय', यावर दहा मिनिटं विचार केला. दोन्ही लिहिले. पत्र उत्तम झालं. मालकांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही.

कंपनीचं समाधान झालं. महिन्याभराने माझ्या नावाने एक प्रमाणपत्र आलं, पारदर्शकतेबद्दल. मालकांनी ते सगळ्यांसमोर दिलं, टाळ्या झाल्या, रसगुल्ले वाटले. काळी गाडी शोरूममधून हलवून गोदामात ताडपत्रीखाली ठेवली. मिस्त्रीदांना गेटवरच्या दरवानाने अडवलं तेव्हा मी वर वर्ग घेत होतो. खिडकीतून त्यांचं डोकं दिसलं. ते दरवानाशी भांडले नाहीत. थोडा वेळ फाटकाशी उभे राहिले आणि बसस्टॉपच्या दिशेने गेले. मी खाली उतरलो नाही. वर्गात मुलं बसली होती हे कारण पुरेसं होतं.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "मास्टरमोशाय, ऑफिसातून एक पत्र पोस्टाने आलंय. इंग्रजी आहे. रविवारी येऊन वाचून दाखवाल?" खुलाशाची प्रत त्यांना पाठवणं नियमात बसत होतं, म्हणून कुणीतरी पाठवली होती.

रविवारी लोकलने गेलो. सियालदा ते बराकपूर मी ठरवत होतो की सरळ सांगायचं. मी लिहिलं, माझ्यामुळे झालं, फॉर्मपासून सगळं. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

ते चटईवर बसले होते. त्यांच्या पत्नीने, ज्यांना मी बौदी, म्हणजे वहिनी, म्हणतो, चुरमुऱ्यांची मुढी आणि चहा आणून ठेवला आणि त्याही दाराशी टेकून बसल्या. मिस्त्रीदांनी लिफाफा दिला. मी पत्र उघडलं आणि बंगालीत सांगायला लागलो. एरवी माझं बंगाली दर वाक्याला अडतं. बौदी गालात हसून शब्द पुरवतात, हा आमच्या घरोब्याचा जुना खेळ. त्या दिवशी मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग सांगितलं. सदर व्यक्ती निवृत्त आहे. सदर व्यक्तीने स्वतःच्या जबाबदारीवर. एजन्सीच्या माहितीशिवाय आणि संमतीशिवाय. यापुढे प्रवेश नाही.

मिस्त्रीदांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "संमतीशिवाय? तो पडदा बसवला तेव्हा मालक बाजूला उभे होते. म्हणाले, दादा, तुमच्या हातात जादू आहे."

"हो," मी म्हणालो.

"हे कोणी लिहिलं असेल?"

हीच जागा होती. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते; कागदावरच्या शिक्क्याकडे बघत होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, उलट बरं वाटलं असतं. जुळवलेली सगळी वाक्यं मला आठवत होती.

"ऑफिसने," मी म्हणालो.

"ऑफिसने," ते म्हणाले आणि मान हलवली. "तुम्ही असता तर असं लिहिलं नसतं."

मी चहा संपवला. मुढीला हात लावला नाही. निघताना मिस्त्रीदा नेहमीसारखे स्टेशनपर्यंत येतो म्हणाले, पण बौदी म्हणाल्या, तुम्ही बसा, मी फाटकापर्यंत जाते. फाटकाशी त्यांनी कडी काढली आणि ती धरूनच उभ्या राहिल्या.

"आज एकदासुद्धा अडला नाहीत," त्या म्हणाल्या. "कागदाकडे बघावंही लागलं नाही तुम्हाला."

मी काही बोलायच्या आत त्यांनी कडी सोडली. "त्यांना मी सांगणार नाही. त्यांना या वयात एवढं तरी राहू दे. पण पुन्हा येऊ नका."

मी गेलो नाही. त्यांनी सांगितलं होतं म्हणून गेलो नाही, असं मी बायकोला सांगतो. मिस्त्रीदांचा अधूनमधून फोन येतो, "मास्टरमोशाय, बऱ्याच दिवसांत आला नाहीत?" मी म्हणतो, वर्ग असतात हो, दादा, रविवारीही असतात हल्ली.