उरेब कापड

“आवाजच सगळं असेल, तर पेटी गोणपाटात बांधून विका की,” असं ती एकदा आपल्या दिराला म्हणाली होती.

दीर स्पीकरच्या कारखान्यात आवाज तपासायचा. त्याच्याच ओळखीने ती तिथे कापडाच्या टेबलावर लागली. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळेच म्हणू लागले. साठीला टेकलेला पहारेकरीसुद्धा. आधी ती घरी कपडे शिवायची. इथे माणसांऐवजी पेट्यांना कपडे घालायचे. पेट्या निदान महिन्याभरात जाड होऊन भांडायला येत नाहीत, असं ती म्हणे.

स्पीकरच्या तोंडावर एक पातळ लाकडी चौकट बसते. तिच्यावर कापड ताणून मागून चिकटवायचं, हे काम. कापड निवडताना ती ते ओठांसमोर धरून फुंकर घालायची आणि पलीकडे तळहात ठेवायची. फुंकर हाताला लागली तर कापड चालेल, अडली तर गठ्ठा परत. दिराकडे यासाठी यंत्र होतं. यंत्राचा आणि तळहाताचा निकाल सहसा एकच निघे, आणि याचं दोघांनाही थोडं वाईट वाटे.

मग मालकांनी सांगितलं की नव्या मॉडेलला काळी लोखंडी जाळी बसेल. जाळी तयार येते, तिला टेबल लागत नाही. टेबलावर ती धरून चौघी होत्या.

“कापड जुनाट दिसतं,” मालक म्हणाले.

“वाईट बसवलेलं कापड जुनाट दिसतं,” ती म्हणाली. “मला एक जोडी करू द्या. निवडीच्या दिवशी जाळीशेजारी ठेवा. हरले तर टेबल मीच रिकामं करून देते.”

निवडीच्या दिवशी पंधरा दुकानदार यायचे. पहिल्या फेरीत ते पेट्यांकडे पाठ करून बसत, नुसतं ऐकत आणि चिठ्ठी टाकत. दुसऱ्या फेरीत तोंड फिरवून बसत. पाठमोऱ्या फेरीत जिला पाचापेक्षा कमी चिठ्ठ्या पडल्या ती पेटी बाद, मग ती कितीही देखणी असो.

तिने राखाडी कापड निवडलं, त्यात भिजलेल्या विटेच्या रंगाच्या बारीक उभ्या रेघा. शिवणकामातला जुना हात. सुरकुती म्हणजे बेअब्रू. तिने कापड असं ओढून बसवलं की त्यावर बोट घसरावं. दिराने पेटी वाजवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

“वहिनी, खालचा सूर लागला की तुमची पेटी दात वाजवते.”

“थंडी वाजत असेल तिला. तुमची खोली आहेच तशी.”

पण तिनेही ते ऐकलं होतं. ताणामुळे चौकट वाकली होती, आणि एक कोपरा नखभर वर येऊन फडफडत होता.

“ताण कमी करा.”

“सैल केलं तर झोळ येईल. झोळ आलेलं माझ्या हातून बाहेर जात नाही.”

“मग जाळी जाईल बाहेर,” दीर म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दोन दिवस उरले होते. दुपारभर ती चौकट मांडीवर घेऊन बसली. लाकडाचा दोष नव्हता. जो जास्त ओढेल त्याच्याकडे ते वाकत होतं. अशी माणसंही तिने पाहिली होती, आणि काही काळ ती स्वतःही तशीच होती. मग तिने कात्री घेतली आणि नवा तुकडा उरेब कापला, म्हणजे धाग्याला तिरका. उरेब कापड आपणहून लवतं. न ओढता ते कोपऱ्यावरून वळलं, झोळ आला नाही, चौकट सरळ राहिली. उभ्या रेघा मात्र तिरप्या झाल्या. क्षणभर ती थबकली. मग दुसऱ्या पेटीचा तुकडा तिने उलट्या दिशेने कापला. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या तेव्हा रेघा एकमेकींकडे झुकल्या.

“छप्पर झालं की हो वहिनी,” टेबलावरची धाकटी म्हणाली.

“मग त्याखाली आपण चौघी मावतो का, ते बघू.”

निवडीच्या दिवशी ती भिंतीला टेकून उभी होती. पंधरा पाठी, एक बंद खोली. खालचा सूर आला, जमिनीतून पायात चढला. कोपरा गप्प राहिला. दिराने चिठ्ठ्या उघडल्या, पुन्हा मोजल्या.

“जाळी सात. कापड आठ,” तो म्हणाला. “आता फिरा.”

खुर्च्या फिरल्या. मग एक वयस्कर दुकानदारीण उठली, बोटाच्या मागच्या बाजूने कापडाला स्पर्श केला आणि म्हणाली, “ही जोडी घरात ठेवली तर पाहुणे आधी बघतील, मग ऐकतील.”

दुसऱ्या फेरीत कापडाला चौदा, जाळीला एक.

“हा एक कोण?” मालकांनी विचारलं.

“मी,” मागून आवाज आला. “माझ्याकडे मांजर आहे हो. नख्यांचं काय करू?”

सगळे हसले. मालक उठून उभे राहिले. “टेबल राहील. आणखी दोघी लागतील. वहिनी, पुढे या, दोन शब्द बोला.”

दीर आपल्या यंत्रामागून उठला आणि त्याने तिला वाट करून दिली. पंधरा चेहरे तिच्याकडे वळले. तिने त्या दोन पेट्यांकडे एकवार डोळे भरून पाहिलं, सगळ्यांना मान लववली, आणि दार लोटून तिघी वाट बघत होत्या तिकडे निघून गेली.