छातीतली रुई आणि गुळाचा खडा

माझे बाबा खोकले की भिवंडीजवळच्या आमच्या टेमघर गावातले कुत्रे आधी पळायचे आणि मग कशाला पळालो याचा विचार करायचे. पडघ्याकडून येणारे ट्रकवाले त्या आवाजाला साइड द्यायचे, असं मला एका ट्रकवाल्यानेच सांगितलं. आता ट्रकवाला कशाला खोटं बोलेल?

आमचा कापड विणायच्या लूमचा कारखाना लहान. इतका लहान, की सगळे लूम एकदम सुरू झाले की भिंती बाहेर सरकून जागा करून द्यायच्या. आत हवा कमी, सुतातून उडणारी रुई जास्त. काळा शर्ट घालून ड्युटीवर गेलेला कारागीर दुपारी पांढरा होऊन घरी जायचा आणि त्याची बायको पाहुणा आला म्हणून पदर सावरायची.

या रुईवर भिवंडीत एकच औषध, गूळ. शिफ्ट सुटली की मालकाने प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. त्यामागचं शास्त्र सगळ्यांना पाठ होतं. रुई नाकातोंडातून छातीत जाते, मागून गूळ जातो, तिला चिकटतो, तिचा गोळा करून पोटात ओढून नेतो आणि सकाळी गोळा आपल्या रस्त्याने निघून जातो. यूपीचा कारागीर असो, शहरातला जुना लूमवाला असो की आमच्यासारखा गाववाला, सगळे याच शास्त्राचे. एरवी ज्यांचं कशावर एकमत होत नाही, त्यांची चूक मात्र एक होती, आणि गोड होती.

बाबा मालक. मालकाच्या छातीत मालकाच्या हिश्श्याची रुई जाणार, म्हणून त्यांचा खडा मोठा. तो वाढत वाढत नारळाएवढा झाला. दुकानदार ढेप फोडताना आधी त्यांचं बाजूला ठेवायचा आणि उरलं तर गिऱ्हाइकांना विकायचा.

मग बाबांचा दम कमी व्हायला लागला. कारखान्यापासून घर गल्लीच्या टोकाला, पण वाटेत प्रत्येक विजेच्या खांबापाशी ते थांबायचे. खांबाला हात लावायचे, वर बघायचे, मान हलवायचे. खांबांवर एवढं प्रेम टेमघरात कुणी केलं नसेल. एका संध्याकाळी ते एका खांबाला धरून उभे राहिले ते राहिलेच. ओठ निळसर, खांदे वरखाली. मी जवळ गेलो तर म्हणाले, "मला काय... झालं..." आणि पुढचं "न्हाय" त्यांच्याने म्हणवेना. मी सहसा वाढवून सांगतो. हे वाढवलेलं नाही. त्या वाक्यातला शेवटचा शब्द आला नाही, तेव्हा मी त्यांचा हात खांबावरून सोडवून माझ्या खांद्यावर घेतला.

घरी आणल्यावर आईने दुसरी बातमी दिली. "अवो, मोरीत मुंग्यांची लाईन लागलीय. तुमी जाऊन आलात की लागते."

"येतात तर येऊंदे," बाबा म्हणाले. "आपल्याकडं पाहुण्याला कदी नको म्हटलंय?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसवून शहरातल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्या घरीही एकेकाळी लूम होते, त्यामुळे गुळाचं शास्त्र त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी आधी बाबांना एका मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. पूर्वीचे बाबा असते तर मशीन भिंतीला चिकटलं असतं. त्या दिवशी मशीनला कळेना, ही फुंकर आहे की उसासा.

"काका, गूळ किती खाता?"

"औषदापुरता."

मी हाताने नारळ दाखवला. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी रक्त आणि लघवी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट आल्यावर खुर्ची बाबांच्या जवळ ओढली.

"काका, गूळ छातीत जातच नाही. बिलकुल नाही."

"मंग कुठं जातो?"

"पोटात."

"तेच तर! जाताना रुई घेऊन जातो."

बाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला आणि एका नळीच्या दोन होतात तिथे बोट ठेवलं. "घसा इथपर्यंत एक. पुढे नळ्या दोन. ही हवेची, ही जेवणाची. घास गिळला की हवेच्या नळीवर झाकण पडतं. जेवताना बोललात की ठसका का लागतो? झाकण उघडं राहतं म्हणून."

"आमच्या घरात जेवताना सगळेच बोलतात."

"म्हणजे सगळेच ठसकत असणार."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. हे बाईंना कुणी सांगितलं, असा त्यांचा चेहरा होता.

मी जवळच्याच पूर्णा गावात एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर मोठ्या गाड्यांचा माल आत घेणं आणि बाहेर काढणं हेच काम. मी म्हटलं, "बाबा, असं समजा. पोटाच्या गोडाऊनला दोन गेट आहेत. एकातून माल आत, दुसऱ्यातून बाहेर. छातीला गेट एकच. जे आत गेलं ते त्याच गेटने उलटं बाहेर आलं पाहिजे. मागचं दार नाही."

बाई म्हणाल्या, "बरोबर." गोडाऊनमध्ये मला हा शब्द अजून कुणी म्हटलेला नाही.

मग त्यांनी गुळाचा प्रवास सांगितला. पोटात तो विरघळतो. पुढे लहान आतडं, आतून टर्किश टॉवेलसारखं, सगळीकडे धाग्यांसारखे बारीक फुंदे. ते फुंदे साखर टिपून रक्तात देतात. रक्त मूत्रपिंडात जातं. तिथली पद्धत अशी, की आधी जवळजवळ सगळं बाहेर काढायचं आणि त्यातलं कामाचं परत आत घ्यायचं. साखरही परत आत घेतात. पण किती घेणार? मधुमेह झालेला आणि वर रोज नारळाएवढा गूळ, मग मूत्रपिंड हात टेकतं आणि उरलेली साखर लघवीतून जाते.

"म्हंजे मुंग्या..." बाबा म्हणाले.

"मुंग्यांचा रिपोर्ट आमच्या लॅबच्या आधी आला, काका."

बाबांनी छातीवर हात ठेवला. मग विचारलं, "मंग एवडी वर्सं जी रुई आत गेली, ती?"

"नळ्यांना आतून बारीक केस असतात. ते जाड रुई कफात घोळून वर ढकलतात. मग तुम्ही थुंकता, नाहीतर गिळता."

"गिळतो! मंग पोटातच जाते ना!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. दम लागला म्हणून परत बसले.

"जाते. पण गूळ नेत नाही, केस नेतात. आणि बारीक धूळ त्यांच्या हाती लागत नाही. ती खाली जाऊन बसते. नळ्या सुजतात, आवळतात. काका, गेलेला दम सगळा परत येणार नाही. उरलाय तो राखायचा. तोंडाने औषधाचा पंप ओढायचा, मधुमेहाच्या गोळ्या घ्यायच्या, कारखान्यात नाकाला कापड बांधायचं. आणि गूळ बंद."

आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. टेमघर आलं तेव्हा पाठीमागून आवाज आला. "मला वाटायचं, मी कारागिरांची छाती साफ करतोय."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना बाबांनी लूम बंद करून सगळ्यांना गोळा केलं. "आजसे गुड़ बंद."

कुणीतरी पगार बंद म्हटल्यासारखे सगळे बाबांकडे बघायला लागले. मग सगळ्यात जुना कारागीर म्हणाला, "सेठ, पगार में देर चलेगी. गुड़ में नहीं चलेगी."

"अरे, छाती को एकच गेट है! जो अंदर गया वो उसी गेटसेच बाहर!"

"और पेट को?"

"दो."

"तो सेठ, दो गेटवाले को गुड़ दे दो. एक गेटवाले का बाद में देखेंगे."

सगळे हसले. बाबाही हसायला गेले आणि खोकल्यात अडकले. या खेपेला कुत्रे पळाले नाहीत. खोकल्यात तेवढा जोर उरला नव्हता. लूमला टेकून, गुडघ्यावर हात ठेवून ते वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. हसणारे आपोआप थांबले. जुन्या कारागिराने पाणी आणलं, पाठीवर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बोलो सेठ, क्या करना है."

तडजोड निघाली. पूर्ण शिफ्ट नाकातोंडाला ओलं मलमलीचं कापड बांधायचं. सुटताना ते उलगडून बाबांना दाखवायचं. त्यावर रुई दिसली तर गूळ, कोरं निघालं तर काही नाही. "तंबाकू कैसे थूकूँ?" असं एकाने विचारलं. "मत खा," बाबा म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. त्याच्यापुरता अजून चालू आहे.

पहिल्या संध्याकाळी रांग लागली, कापडं उलगडली, गूळ वाटला गेला. बाबांना गूळ नाही. त्यांनी स्वतःचं कापड सोडलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं. बाहेरच्या बाजूला राखाडी रुईचा थर जमला होता, मऊ, एखाद्या लहान जनावराच्या अंगासारखा. बोटाने त्यांनी तो थोडा खरवडला.

"हे सगळं आत जायचं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

कारागीर पांगत होते. बाबा भिंतीतल्या मोठ्या पंख्याकडे बघत राहिले. धूळ बाहेर फेकायला बसवलेला तो पंखा कधीचा बंद होता. त्याच्या पात्यांवर रुईच्या दाढ्या लोंबत होत्या.

"तो दुरुस्त करायला माणूस बोलव."

"उद्या बोलवतो."

"उद्या कशाला? माझ्या तेराव्यालाच बोलव."

मी तिथेच फोन लावला. माणूस येईपर्यंत बाबा घरी गेले नाहीत. नाकाला पुन्हा ओलं कापड बांधून दाराबाहेर उभे राहिले आणि आत जायला निघालेल्या दुसऱ्या शिफ्टच्या प्रत्येकाला अडवून विचारत राहिले, "तुजं कुठं हाय?"