ईश्वर मेश्राम यांची पावलं

ईश्वर मेश्राम यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड आहे. माणसाची ओळख त्याच्या व्यंगापासून करून देऊ नये, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवत. पण या गोष्टीत न्याय केला तो त्या दीड इंचानेच. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ईडन प्रेरी या आमच्या अमेरिकन गावात ते समोरच्याच घरात राहतात. माझे यजमान १९८२च्या मार्चमध्ये गेले, आणि दुसऱ्याच आठवड्यात फूटभर बर्फ पडलं. सकाळी पडदा सारला तर हा माणूस माझा ड्राइव्हवे साफ करत होता. मी दार उघडून म्हटलं, "अहो, राहू द्या." ते म्हणाले, "राहू दिलं तर उद्या दगड होते त्याचा, ताई." एवढंच बोलून पुन्हा फावडं चालू. त्या दिवसापासून मी त्यांची ताई.

ते वणीजवळचे. वडील चुनाभट्टीवर दगड फोडायचे. चुन्याने त्यांच्या बोटांची कातडी कायमची गेलेली. ईश्वर तीन वर्षांचे असताना पोलिओ झाला, पाय वाढायचा राहिला. शाळा घरापासून दोन मैल. बरोबरीची मुलं पुढे पळून जात, तेव्हा हे मागे एकटेच पावलं मोजत चालत, म्हणजे रस्ता कमी वाटायचा. पुढे नागपूरला शिकले, ड्राफ्ट्समन झाले, १९७१ मध्ये इकडे आले आणि हायवे खात्यात नकाशे काढू लागले. पत्नी शीला ग्रंथालयात. मुलगी संघमित्रा इथेच जन्मलेली.

१९८०च्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना विस्कॉन्सिनमधल्या डोर द्वीपकल्पाबद्दल सांगितलं. आमच्यापासून सहा तासांचा ड्राइव्ह. तिथे चुनखडीचं पठार सपाट चालत येतं आणि पाण्याशी येऊन एकदम तुटतं. पाणी मिशिगन सरोवराचं; पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा कड्यावर आपटून वर उडतात, म्हणून आम्ही सगळे त्याला समुद्रच म्हणतो. ईश्वर पहिल्यांदा तिथे उभे राहिले तेव्हा त्यांना रडू आलं, असं शीलाने मला सांगितलं. ते स्वतः एवढंच म्हणाले, "चुनखडी अशी मोकळी कधी पाहिली नव्हती, ताई. मी पाहिली ती फोडलेली, नाही तर जाळलेली."

त्यानंतर पाच उन्हाळे ते जात राहिले. जुनी शेवरोलेट, मागे तंबू. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले आहे. चालताना त्यांच्या उजव्या खिशात गोटे असत. शंभर पावलं झाली की एक गोटा डाव्या खिशात. खुणेची जागा आली की थांबून वहीत आकडा लिहायचे आणि गोटे पुन्हा उजवीकडे. मी विचारलं, "टेप नाही का आणत? तुमचं तर कामच ते." ते म्हणाले, "टेपनं ऑफिसचं मोजतो. हे माझं आहे."

१९८४च्या वसंतात आमच्या इथल्या मराठी मंडळाने ठरवलं की दिवाळीला एक पुस्तिका काढायची, आणि ईश्वरना सांगितलं की तुमच्या वाटा लिहून द्या. त्यांनी एकतीस पानं लिहिली. कुठे गाडी लावायची, कुठे दगड निसरडा आहे, कुठल्या कपारीतून खाली पाण्याच्या पातळीवर उतरता येतं, सगळी अंतरं पावलांत. इथे मराठी टाइप मिळत नाही. हाताने लिहायचं आणि तेच छापून घ्यायचं, अशी आमची रीत. माझं अक्षर सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं, म्हणून पुस्तिका मी लिहून काढली. पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं आणि खाली चार ओळी. त्या मी सवयीप्रमाणे त्याच दिवशी डायरीतही उतरवल्या. तारीख १४ जुलै. त्याच दुपारी माझ्या डायनिंग टेबलावर मंडळाचा सेक्रेटरी विनय याने ती पानं मोजून घेतली आणि चहाबरोबर दोन बेसनलाडू खाल्ले.

दिवाळीच्या कार्यक्रमात पुस्तिका वाटली गेली. संघमित्रा तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी वाचता येत नाही, पण शीलाने तिला बाबांचं नाव तेवढं ओळखायला शिकवलं होतं, मुद्दाम त्या दिवसासाठी. ती पोर पुस्तिका उघडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाली, "बाबा, व्हेअर आर यू?"

मी तिच्या हातातून पुस्तिका घेतली. एकतीसची तीस पानं झाली होती. पहिलं पान गायब, आणि मुखपृष्ठावर दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात: 'लेखन आणि नकाशे – विनय'. पुढे आडनाव, त्याच्यापुढे पदवी. आत सगळं माझं अक्षर. चोरी माझ्या हस्ताक्षरात झाली होती.

मी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"विनय, हे काय?"

"अहो काकू, मंडळाचं काम आहे. नाव कोणाचं का असेना!"

"मग तुझं का?"

तो जरा हसला, आवाज खाली आणला. "काकू, आता तुम्हाला काय सांगायचं. लोक विचारतात, कोण हे मेश्राम? नावाला थोडं वजन लागतं यार. त्यांना काही वाटणार नाही. साधा माणूस आहे."

घरी जाऊन मी हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं, त्या 'यार'सकट.

साधा माणूस म्हणणाऱ्यांना साधा माणूस माहीत नसतो. ईश्वर त्या दिवशी काही बोलले नाहीत. जानेवारीत एकदा माझ्याकडे आले, बूट काढून ठेवले, आणि पुस्तिका टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, त्यानं पहिलं पान काढलं न?"

"काढलं."

"ते पूर्णच काढलं? खालच्या चार ओळीही कुठं घेतल्या नाहीत?"

"नाहीत."

मग ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचं तसं हसणं पाहिलं नव्हतं. "जूनमध्ये मंडळाची ट्रिप आहे तिथं. तो पुस्तक घेऊन पुढं चालणार आहे. चालू द्या. मीही काही म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका."

मी विचारलं ते एकच. "कोणाला इजा होईल का?"

"वाट कड्याच्या बाजूला नाही जात ते. चिखलात जाते. तुम्ही पाहिलं आहे ते दलदल."

मी पाहिलं होतं. मी 'हो' म्हटलं. पाच महिने मी तोंड शिवून बसले, आणि खरं सांगते, इतका गोड हिवाळा माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

२९ जून १९८५, शनिवार. चौतीस माणसं. वाटेच्या शेवटी, पाण्याजवळच्या सपाट खडकावर जेवण, आणि जेवणाआधी पुस्तिकेबद्दल विनयचा सत्कार. शाल आणि नारळ मंडळातल्या अतुलच्या पिशवीत. ईश्वर आणि शीला जेवणाचे डबे घेऊन सकाळीच पुढे गेले होते. संघमित्रा माझ्याबरोबर मागे राहिली.

पहिला मैलभर सरकारी वाट होती, झाडांवर खुणा होत्या, तेव्हा काही कळलं नाही. विनय पुढे, पांढऱ्या टोपीत, प्रत्येक वळणावर पुस्तिका उघडून मोठ्याने वाचत. मग तीन खोडांचं देवदाराचं झाड आलं. तिथे खुणांची वाट संपते. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'झाडापासून सरळ पूर्वेला चारशे पावलं. उजव्या हाताला कपार, तीतून दगडी पायऱ्या खाली.'

"मोजा सगळ्यांनी!" विनय ओरडला. मुलं नाचत मोजू लागली. तीनशेच्या आसपास झुडपांमागे उजवीकडे मला ती कपार दिसली. माहीत नसेल त्याला दिसत नाही. मी तिच्यावरून पुढे गेले. नजरही वळवली नाही. साडेतीनशेला जमीन मऊ झाली. चारशेला विनयचा बूट घोट्यापर्यंत आत गेला.

"कपार कुठे आहे?" सरलाने विचारलं. ही अतुलची बायको, जिभेला धार असलेली.

"असेल, असेल इथेच. थोडं पुढे."

थोडं पुढे म्हणजे गुडघाभर. डास असे उठले की मुलं रडायला लागली. सरलाच्या साडीला काळा काठ नव्हता, तो आला. अर्धा तास आम्ही त्या दलदलीत गोल फिरलो.

"छपाईची चूक असेल," विनय म्हणाला.

अतुलने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "छापायचं काय त्यात? हाताने लिहिलंय. तू स्वतः चालला आहेस ना ही वाट?"

"ऑफ कोर्स! पण तेव्हा... ते झाड जरा अलीकडे होतं."

"मग झाड चालत गेलं वाटतं," सरला म्हणाली. "तू नाही चाललास, ते चाललं."

हशा पिकला. विनयचा चेहरा मी बघत होते. मी चौसष्ट वर्षांची, पाय चिखलात, मानेला डास चावलेले, आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

मग मी एका पडलेल्या खोडावर बसले आणि पर्समधून गेल्या वर्षीची डायरी काढली. "१४ जुलै १९८४," मी वाचलं. सगळे गप्प झाले. म्हातारी बाई मोठ्याने वाचायला लागली की आपली माणसं अजून गप्प होतात. "पुस्तिकेचं पहिलं पान, विनयने काढून टाकण्यापूर्वीचं. 'डोरच्या वाटा. लेखन आणि नकाशे, ईश्वर मेश्राम. या पुस्तकातली पावलं माझी आहेत. माझा एक पाय आखूड आहे, म्हणून माझं पाऊल लहान पडतं. सरळ चालणाऱ्याने प्रत्येक आकड्यातला चौथा भाग कमी करावा. नाही तर वाट चुकेल.'"

विनय म्हणाला, "काकू, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "हवं होतं."

आम्ही झाडापाशी परत गेलो. तीनशे पावलं मोजली. या वेळी कोणी मोठ्याने मोजलं नाही. कपारीतून खाली उतरलो तर सपाट खडकावर ईश्वर बसले होते, डबे उघडे, पुऱ्यांवर रुमाल. मागे लाटा. त्यांनी सगळ्यांचे पाय पाहिले आणि म्हणाले, "उशीर झाला."

विनय हुशार. त्याने अतुलच्या पिशवीतून शाल ओढून काढली आणि हात जोडून पुढे झाला. "ईश्वरराव, खरा मान तुमचा! गैरसमज झाला. आपण आत्ता, इथेच..."

"शाल नको," ईश्वर म्हणाले. "पुस्तकं काढा सगळ्यांनी. विनय, पेन आहे?"

मग त्या खडकावर बसून विनयने प्रत्येक पुस्तिकेवरचं स्वतःचं नाव स्वतःच्या पेनने खोडलं आणि वर 'ईश्वर मेश्राम' लिहिलं. लिहिलेली प्रत संघमित्राकडे द्यायची. ती बोट ठेवून बघायची. घाईत लिहिलेल्या दोन तिने परत केल्या. "नीट लिहा, काका," ती मराठीत म्हणाली. ती मराठीत बोललेली मी प्रथमच ऐकली. पुऱ्या गार झाल्या. पण तोवर एकानेही डब्याला हात लावला नाही.

छापल्या होत्या दोनशे. उरलेल्या प्रती विनयने लोकांकडून मागवून घ्यायच्या आणि माझ्या डायनिंग टेबलावर बसून दुरुस्त करायच्या, असं ठरलं. दर शनिवारी तो यायचा. मी चहा दिला, लाडू दिला नाही. त्याची बायको विनीता एकदा फोनवर रडली, "काकू, आता पुरे ना." मी म्हटलं, "अजून बेचाळीस आहेत." सिस्टर म्हणत, क्षमा सत्तर गुणिले सात वेळा करावी. मी त्यांच्याकडून अक्षर घेतलं, क्षमा घेतली नाही.

नोव्हेंबरपर्यंत एकशे नव्याण्णव झाल्या. शेवटची विनयने पुण्याला आईला पाठवली होती. १९८७ च्या जानेवारीत मी भारतात गेले, तेव्हा पत्ता काढून त्या माउलीकडे गेले. सुहासिनीबाई त्यांचं नाव. त्यांनी पोहे केले. पुस्तिका काचेच्या कपाटात उभी होती, शेजारी मुलाचा पदवीचा फोटो. "बघा, माझ्या मुलाने लिहिलंय," म्हणत त्यांनीच ती माझ्या हातात दिली.

मी पेन काढलं. त्यांच्यासमोर नाव खोडलं आणि वर खरं लिहिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि विचारलं, "हे कोण?"

"ज्यांच्या पायांनी हे पुस्तक चाललं, ते."

त्यांनी पुस्तिका परत कपाटात ठेवली नाही. मांडीवर धरून बसल्या. मी पोहे संपवले आणि निघाले.

इथे परत येऊन मी ईश्वरना सांगितलं, दोनशे पूर्ण झाल्या. ते माझा ड्राइव्हवे साफ करत होते. फावडं थांबलं.

"आईपर्यंत नव्हतं जायचं, ताई," ते म्हणाले. मग आणखी दोन फावडी बर्फ काढून: "पण गेल्या, ते बरं केलं."

दोन्ही वाक्यं मी त्याच दिवशी डायरीत लिहिली. एकही खोडलं नाही.