जामनेरची गाडी चुकली

अख्ख्या खानदेशात मुलांच्या पुस्तकांवर मनापासून चिडणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आपल्या घरातला होता. तुमच्या आजोबांचे हे धाकटे चुलतभाऊ. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. नोकरीने ते जळगावच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत आणि लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारत. खरा व्यवसाय मात्र परीक्षणाचा. इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ते बालपुस्तकांवर सदर लिहीत, आणि ऐंशीच्या दशकात त्या सदराइतकं संतापलेलं दुसरं काही गावात छापून येत नसे.

शेवटच्या पानावर बोध आला की नानांच्या कपाळाची शीर उडू लागे. गोष्टीतला राजा उगाचच दयाळू निघाला, तर ते जेवताना माझ्यावर डाफरत, जणू त्याला मीच लाडावून ठेवलं होतं. एका गुळगुळीत रंगीत पुस्तकात माकड केळीच्या फांदीवर बसून झोके घेत होतं, आणि हे पुस्तक आमच्याकडच्या शाळांत बक्षीस म्हणून वाटायचं ठरलं होतं. इथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं की केळीला फांदी नसते. नानांनी लिहिलं, "लेखकाने एकदा नशिराबादला यावे आणि फांदी दाखवावी. मी स्वतः तिच्यावर बसेन." लेखक आला नाही. नाना मात्र बरेच दिवस वाट पाहत होते.

त्यांची परीक्षणाची पद्धत जगात दुसऱ्या कुणाची नसावी. आलेलं पुस्तक ते स्टँडवरच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाच्या हातात देत आणि खिडकीतून बघत राहत. गाडी लागल्यावर मूल पुस्तक टाकून आपणहून चढलं, तर पुस्तक टाकाऊ. ओढून न्यावं लागलं, तर बरं. आणि मुलापायी गाडीच सुटून गेली, तर त्याहून मोठी पावती नव्हती. परीक्षणात ते तेवढंच लिहीत, "धरणगावची गाडी चुकली." इथल्या वाचकांना ही भाषा पाठ होती. सोमवारी वाचनालयात मुलं विचारत, "कालचं गाडी चुकलेलं पुस्तक आलं का?"

मग एक राक्षसाच्या गोष्टींचं पुस्तक आलं. लेखक दूरच्या मोठ्या शहरातले, नामांकित. जामनेरच्या गाडीची वाट पाहणारी एक मुलगी ते घेऊन बसली. गाडी लागली तशी तिची आई अहिराणीत हाका मारू लागली, "चाल ना वं पोरी, बठ्ठा लोके चढी ग्यात."

"थांब ना माय, आठे राक्षस शे," पोरगी पानावर बोट ठेवून म्हणाली.

"राक्षस ऱ्हावू दे, तुना बाप घर वाट देखी ऱ्हायना."

गाडी गेली. ती माउली खिडकीशी येऊन नानांना वाट्टेल ते बोलली आणि नाना हात जोडून कौतुकाने ऐकत राहिले. पुढच्या रविवारी सदरात एकच वाक्य होतं, "या पुस्तकापायी जामनेरची गाडी चुकली."

लेखकमहाशयांना वाटलं, हा कोण जळगावचा माणूस आपल्याला काळाच्या मागे पडलेला म्हणतो. त्यांनी संपादकांना फोनवर धारेवर धरलं. संपादकही नवे, बाहेरगावाहून आलेले. त्यांनी नानांना बोलावून सांगितलं, वाक्य मागे घ्या, नाहीतर सदर बंद.

"गाडी मागे घेणं ड्रायव्हरचं काम," नाना म्हणाले. "माझं नाही."

"अहो नाना, एका ओळीत खुलासा करा," मी विनवलं.

"खुलासा कशाचा, वहिनी? गाडी खरंच चुकली होती."

शेवटी मीच संपादकांकडे गेले. त्यांना सगळी पद्धत नीट, क्रमाने समजावली. ते शांतपणे म्हणाले, "बाई, साहित्याचं परीक्षण स्टँडवर होत नसतं." मग कुठे होतं, असं मी विचारलं. त्यांनी चहा मागवला. मुलांची पुस्तकं मुलांना दाखवून पारखली, एवढाच त्या माणसाचा गुन्हा. सदर एका प्राध्यापकांकडे गेलं. त्यांना प्रत्येक पुस्तक 'संस्कारक्षम' वाटे.

सदर गेल्यापासून नाना कशावरच चिडेनात. जेवताना गप्प. दयाळू राजेसुद्धा त्यांनी सोडून दिले. घरात ही शांतता कुणाला सोसवेना.

अशात मला माझ्या बहिणीकडे धुळ्याला जायचं होतं. मी नेहमीप्रमाणे वेळेआधी स्टँडवर हजर. माझी गाडी आयुष्यात चुकली नव्हती. नानांनी खिडकीतून ते राक्षसाचं पुस्तक पुढे केलं. "वहिनी, चाळा. गाडीला अवकाश आहे." मी चाळायला घेतलं. मान वर केली तेव्हा फलाट रिकामा होता. धुळ्याची गाडी नानांनी स्वतः पुकारली होती म्हणे, दोनदा. मी ऐकलीच नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लाउडस्पीकर सुरू केला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. धुळ्याची गाडी गेली आहे. आमच्या वहिनी राहिल्या आहेत. पुस्तक उत्तम आहे." साऱ्या स्टँडने माझ्याकडे वळून पाहिलं. मला राग यायला हवा होता.

हे नानांचं शेवटचं परीक्षण, छापून न आलेलं. आता तिथे दुसराच आवाज गाड्या पुकारतो. शुद्ध, स्वच्छ, आणि कशाचाच राग नसलेला. तुम्ही राहता तिकडे पुस्तकापायी तुमची कधी गाडी चुकली, विमान चुकलं, तर मी रागावणार नाही. कुठली होती, तेवढं कळवा.