प्रांतपाल येईपर्यंत

दान करणाऱ्या माणसांबद्दल मला पूर्वी आदर होता. उमरग्याच्या समाजसेवेवाल्या क्लबाशी गाठ पडली आणि तो साफ उतरला. आता छातीवर बिल्ला लावून कुणी शाळेच्या फाटकातून आत आलं, की मला आधी त्याच्या मागं फोटोग्राफर आहे का ते दिसतं. असतोच.

मी उमरगा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळा आठवीपर्यंत. मुलींचा संडास होता, म्हणजे कागदावर होता. प्रत्यक्षात तीन भिंती उभ्या होत्या, भांडं फुटलेलं होतं आणि दार कुणीतरी चुलीला नेलं होतं. सहावी-सातवीच्या मुली घरून निघताना पाणी प्यायच्या नाहीत. दुपारच्या सुट्टीत घरी गेल्या की त्यातल्या निम्म्या परत यायच्या नाहीत. वर पत्रं पाठवून पाठवून मी हात टेकले होते.

सातवीत एक मुलगी होती, गणितात फळ्यावरच्या माझ्या चुका काढणारी. "मॅडम, हातचा राहिला," असं सगळ्या वर्गासमोर म्हणायची आणि वर गालातल्या गालात हसायची. तिची आई गावात ब्लाऊज-परकर शिवते. एक दिवस ती मशीन सोडून तरातरा शाळेत आली.

"पोरगी तापानं फणफणलीय मॅडम. डॉक्टर म्हनला, लघवी दाबून धरती, पानीच पीत न्हाय. तिची मावशी सोलापूरला बाळंत झालीय, तान्हं सांभाळायला मानूस मागती. शाळंत जाऊन पोरगी मरायची असंल तर मी तिला तिकडं धाडते. तुमी संडास करा, मग बघू."

त्या बाईचं काय चुकलं होतं? काही नाही. म्हणून मी क्लबाकडं गेले.

त्यांची सभा हायवेवरच्या हॉटेलात, एसीच्या हॉलमध्ये भरते. बाहेर हैदराबादकडं जाणारे ट्रक बोंबलत असतात आणि आत एक गृहस्थ पितळी घंटेवर टोला हाणून सभा सुरू झाल्याचं जाहीर करतात. अध्यक्षांचं खताचं दुकान. त्यांच्या बायकोला सगळे 'फर्स्ट लेडी' म्हणत होते, आणि ती बाई ते ऐकूनही सरळ बसून होती. सेक्रेटरी दवाखानेवाले डॉक्टर. तासभर त्यांनी एकमेकांना शाली घातल्या. मग मला पाच मिनिटं मिळाली. मी 'संडास' म्हटलं की डॉक्टर लगेच 'सॅनिटेशन ब्लॉक' म्हणायचे. माझ्या शब्दाचा घाण वास येत असावा त्यांना.

पण खोटं कशाला बोलू, काम त्यांनी झकास केलं. महिन्याभरात तीन संडास उभे राहिले, टाइल्स लावलेले, वर टाकी, बोअरचं पाणी, आतून लागणारी कडी. मुलीची आई बघायला आली. तिनं आत जाऊन कडी दोनदा लावून बघितली आणि बाहेर येऊन म्हणाली, "सोमवारपासून धाडते." मला त्या दिवशी खताच्या दुकानदाराच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

शनिवारी अध्यक्ष आले आणि बाहेरच्या दाराला कुलूप ठोकून किल्ली खिशात घालून निघाले.

"लोकार्पण व्हायचंय मॅडम. प्रांतपाल येणार आहेत."

प्रांतपाल म्हणजे काय, तर पाच-सहा जिल्ह्यांतल्या अशा क्लबांचा वर्षभरापुरता म्होरक्या. वर्षातून एकदा तो प्रत्येक क्लबात पायधूळ झाडतो आणि वर्षभराची सगळी पुण्यकर्मं त्या एका दिवशी त्याच्या हस्ते उघडायची असतात. तोवर ती झाकून ठेवायची.

"अहो, मुलींची अडचण आहे. वापरू द्या की, मग करा लोकार्पण."

"मॅडम, वापरलेल्या टाइल्स फोटोत कळतात. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे!"

कसले आठ दिवस न् कसलं काय! आधी प्रांतपालांच्या पुतण्याचं लग्न निघालं. मग ते सपत्नीक दुबईला गेले. ग्रॅनाइटची पाटी मात्र तेवढ्यात बसलीसुद्धा, सतरा नावांची, वर पिवळं फडकं बांधून. मुली काय करत होत्या? नव्या संडासाच्या मागच्या भिंतीआड बसत होत्या. आडोसा तरी झाला, हीच काय ती क्लबाची कृपा. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मुलीला पाठवलं नाही. रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "उघडलं का?" मी म्हणायचे, "या आठवड्यात."

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. निमंत्रणपत्रिका आली तेव्हा सरपंच ऑफिसात बसलेले होते. त्यांनी अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि ताडकन उठले.

"प्रांतपाल? म्हंजे गव्हर्नरच की हो!"

"व्हय," मी म्हटलं, "गव्हर्नरच म्हणतात त्यांना."

हे खरंच होतं. क्लबातली सगळी मंडळी त्यांना 'गव्हर्नर साहेब'च म्हणतात. पण सरपंचांच्या डोळ्यांपुढं मुंबईचा राजभवनातला राज्यपाल उभा राहिला, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं होतं. मी खुलासा केला नाही. म्हटलं, होऊ दे फजिती, सरपंचांचीही आणि प्रांतपालांचीही. सरपंचांनी रस्त्यावर मुरूम टाकून घेतला, पोलीस पाटलांना इस्त्रीचे कपडे घालायला लावले, ओढ्यावरच्या पुलासाठी राज्यपालांच्या नावानं अर्ज टाईप करून आणला. मी हे शिक्षकांना सांगितलं आणि आम्ही चहाचे कप खाली ठेवून ठेवून हसलो. मला लई मजा वाटत होती.

मग एका गुरुवारी मुलीची आई आली. बसली नाही.

"सोलापूरहून रोज फोन येतोय मॅडम. बहिणीला किती दिवस थांबवू? रविवारच्या बाजारापातूर वाट बघते. न्हाय उघडलं तर सोमवारी दाखला न्यायला येते."

मी अध्यक्षांना फोन लावला. "प्रांतपालांची सोमवारची तारीख पक्की झालीय. इतके दिवस थांबलात, आणखी चार दिवसांनी काय होतंय?" ते म्हणाले. काय होतंय ते मी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. "मॅडम, आम्ही दान करतोय, तुमचे नोकर नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सोमवारी! त्या बाईनं दिलेली मुदत रविवारपर्यंतची होती.

मग मी सरपंचांच्या घरी गेले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता कुलूप तोडू या, गावची शाळा आहे, कोण विचारतंय?

सरपंच दचकलेच. "गव्हर्नरच्या आधी? मला आत बसवायचा इचार हाय का तुमचा?"

"अहो, तो सरकारी गव्हर्नर नाही. क्लबाचा आहे. कुणीतरी बिल्डर आहे."

"तुमीच म्हनला हुता की व्हय म्हणून."

"तेव्हा मी चेष्टा केली होती."

"चेष्टा तुमी आता करताय मॅडम," ते म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत त्यांनी कोतवालाला खुर्ची देऊन संडासापुढं बसवला. माझ्याच हसण्यानं त्या कुलपावर पहारेकरी आणून बसवला होता.

कोतवाल म्हातारा होता. मी दगड उचलला असता तर त्यानं मला अडवलं नसतं. पण मी उचलला नाही. क्लबानं शाळेला संगणक देतो म्हटलं होतं आणि ते मला हवे होते. वर तक्रार गेली तर बदली होईल, ही भीतीही होती. त्या लोकांना मी मनातल्या मनात शेलक्या शिव्या देत होते, आणि त्यांच्या सोमवारच्या कार्यक्रमासाठी मुलींकडून स्वागतगीत बसवून घेत होते. थू माझ्या जिनगानीवर!

सोमवारी प्रांतपाल आले. काळा कोट, गळ्यात पदकांची साखळी. पोलीस पाटलांनी कडक सलाम ठोकला. सरपंचांनी वाकून पुलाचा अर्ज दिला. त्या माणसानं तो वाचला, वरचं 'मा. राज्यपाल' वाचलं, आणि निर्लज्जपणे घडी करून खिशात घातला. "बघतो मी, नक्की बघतो," म्हणाला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

फीत कापली, फडकं ओढलं. मग अध्यक्षांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. किल्ली उमरग्याला, दुकानाच्या गल्ल्यात राहिली होती. मग सरपंचांनीच भिंतीकडेचा दगड आणला आणि दोन घाव घातले. कुलूप पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन घावांचं काम होतं ते.

भाषणात डॉक्टर म्हणाले, "आजपासून या शाळेतली एकही मुलगी गळणार नाही." मी व्यासपीठावर होते. समोर ऑफिसच्या दारात शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या होत्या, शेजारी मुलगी, हातात पिशवी.

मी जवळजवळ धावतच गेले. "अहो, उघडलं की! आत्ता उघडलं बघा."

"बहिणीला जबान दिलीय मॅडम. एकची गाडी हाय. दाखला द्या."

मुलीनं माझ्याकडं बघितलं नाही. आईला म्हणाली, "जाऊन येऊ का गं?" आणि नव्या संडासाकडं गेली. तिथं टाइल्सपुढं उभं राहून फोटो चालले होते. 'फर्स्ट लेडी'नं तिला हातानं थांबवलं. "बाळ, जरा नंतर ये हं." ती परत आली आणि तशीच उभी राहिली.

मी दाखल्याचं पुस्तक काढलं. मावशी तिथं शाळेत घालेल, असं ती बाई म्हणत होती आणि आम्हा दोघींनाही ते खोटं असल्याचं माहीत होतं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात आम्ही जे नेहमी लिहितो तेच मी लिहिलं.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"पालकांच्या विनंतीवरून."

"म्या कवा विनंती केली?" त्यांचा आवाज चढला नाही. "म्या विनंती केली ती कुलूप काढा म्हनून. ते लिवा."

त्या रकान्यात तेवढी जागा नसते, असं मी त्यांना सांगितलं आणि शिक्का मारला.