भट्टी की पदवी

ही पोरगी ‘हो’ फार लवकर म्हणते, हा भुंगा आईच्या डोक्यात गेली नऊ वर्षं होता.

कारणही तसंच होतं. कॉलेज सोडल्यावर खारूने दागिन्यांच्या डिझाइनच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे पैसे एकरकमी भरले होते. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी ती गेली, तर दाराला कुलूप, पाटी गायब, आणि शेजारच्या शिंप्याकडे चौकशीला आलेली वीस-बावीस पोरं. खारू घरी आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, “शिंपी चांगला आहे. सगळ्यांना पाणी दिलं त्याने.” त्या दिवशी हसावं की रडावं, आईला कळेना. बाबांनी मात्र लगेच विचारलं होतं, “पैसे अक्कलखाती जमा झाले, ठीक आहे. पण त्याची पावती मिळाली का?”

त्यामुळे मागच्या महिन्यात जेवताना खारू सहज म्हणाली, “मी पदवीला नाव घालतेय. दूरशिक्षणाची, तीन वर्षांची,” तेव्हा आईचा घास हातातच राहिला.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी साबणाची वडी, खडू, मेणबत्ती, मऊ म्हणून जे सापडेल ते ती कोरत बसायची. न्हाणीघरातल्या साबणाला नाक-डोळे फुटलेले असायचे. घरात कुणीतरी खार पाळलीय, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कॉलेजात दोन वर्षं तिने बहुतेक बाकं कोरली. मग तो बुडालेला कोर्स, आणि त्यानंतर दातांची लॅब. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात आणि तिथून कॅपा, कवळ्या तयार होऊन जातात, ती जागा. आई स्वतः पदवीधर. मुलीने कॉलेज सोडलं हे तिने वर्षभर नातेवाइकांना कळू दिलं नाही.

आज खारू एकोणतीस वर्षांची आहे आणि लॅबमध्ये समोरच्या दाताचं काम तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जात नाही. समोरचा दात सगळ्यांत अवघड, कारण त्याच्या शेजारी खरा दात उभा असतो. पहिल्या वर्षी तिने एका बाईंना इतका पांढराशुभ्र दात करून दिला की त्या दुसऱ्याच दिवशी परत आल्या. “मी हसले की लोक माझ्याकडे नाही, त्या दाताकडे बघतात,” असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून खारू दातात मुद्दाम खोट घालते. कुठे पिवळसर झाक, कुठे केसाएवढी रेघ. “सुंदर दात कुणीही करेल,” ती म्हणते, “शेजाऱ्यांत खपेल असा करायला डोकं लागतं.”

अशा हातांच्या मुलीला पदवी कशाला हवी, हे आईला उमगत नव्हतं. शिवाय तिला एक गोष्ट आतून माहीत होती. एका शाळेच्या ऑफिसात ती सव्वीस वर्षं नोकरी करत होती. शिक्षकांची भरती निघाली की अर्जांचे गठ्ठे तीच लावायची. मुख्याध्यापक ते चाळत बसत, आणि एखाद्या प्रमाणपत्रावर ‘दूरशिक्षण’ दिसलं की तोंडातून अवाक्षर न काढता तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत. हा तळाचा गठ्ठा आईने स्वतःच्या हाताने कपाटात ठेवला होता, दर वर्षी.

आणि भट्टीचं काय? दुसऱ्या एका लॅबची कॅपा भाजायची जुनी भट्टी विकायची होती. खारूने तीन वर्षं पैसे साठवले होते ते त्या भट्टीसाठी. मागची खोली बाबांनी रिकामीसुद्धा केली होती. पदवीची सगळी फी धरली तर भट्टी गेली, भट्टी घेतली तर पदवी गेली. दोन्ही काही व्हायचं नाही.

“भट्टी दिसते तरी,” आई म्हणाली. “हात लावला तर चटका बसतो. पदवीचं काय? पोस्टाने येणार.”

“आता पोस्टानेही येत नाही. डाउनलोड करायची.”

“मग तर बघायलाच नको.”

“आई, मी काही नवस बोलत नाहीये. चौकशी केलीय.”

“तेव्हाही केली होतीस.”

बाबा म्हणाले, “मधला मार्ग काढा. भट्टी घ्या आणि तिच्यात पदवी भाजून घ्या.” कुणी हसलं नाही. त्यांनी आपलं आपणच हसून घेतलं.

त्यानंतर आईने एक गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी खारू कामावर जाताच तिने लॅबच्या मालकांना फोन लावला. मालक सरळ माणूस, आईला ताई म्हणायचे.

“या लाइनीत कागद कोण विचारतो, ताई? हात बघतात. आणि असा हात माझ्याकडे एकच आहे.”

“तेच तर. तुम्ही जरा तिला समजावून सांगा.”

“समजवायचं कशाला? तिकडे महिन्यातून दोन शनिवार वर्ग असतात, हजेरी लागते, असं तीच सांगत होती. शनिवारी सोडता येणार नाही म्हणतो. विषय संपला.”

“पण मी फोन केला होता हे—”

“कुठला फोन?” मालक म्हणाले आणि हसले.

आईला हायसं वाटलं. त्या दुपारी ऑफिसात तिने दोन वर्षांत आवरलं नव्हतं ते कपाट आवरलं.

संध्याकाळी खारू आली. “शनिवार मिळत नाहीये,” एवढंच म्हणाली.

“मग?”

“प्रवेशाला अजून तीन आठवडे आहेत. बघू.”

तिने भात पुन्हा वाढून घेतला. ती चिडली असती, रडली असती, तर आईला ते सोसलं असतं. एवढ्या शांतपणे म्हटलेलं ते ‘बघू’ मात्र कुठेतरी रुतून बसलं. पुढचे तीन आठवडे खारू रोज तासभर उशिरा घरी येत होती. काम जास्त असेल, असं आईने स्वतःला सांगितलं.

प्रवेशाच्या मुदतीला तीन दिवस उरले असताना आईच्या दाढेची कॅप निघाली. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना लॅबच्या बरोबर वरच्या मजल्यावर. आई पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई एका पेशंटला घेऊन खाली लॅबमध्ये गेल्या होत्या, म्हणून तीही खाली गेली. मालक दवाखान्यांना माल पोचवायला बाहेर पडले होते. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे मान वाकवलेला एकेक दिवा, आणि ट्रेमध्ये प्लास्टरचे जबडे, त्यांना चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या. घासण्याच्या मशीनचा बारीक आवाज कानात शिरत होता. खारूने भुवईनेच स्टूल दाखवलं.

पेशंट म्हणजे बसस्टँडवर चाळीस वर्षं गाड्या पुकारणारे आजोबा. कवळीचे दात अजून मेणात नुसते रोवलेले होते. खारूने ते त्यांच्या तोंडात बसवले.

“साठपासून मोजा, आजोबा.”

“साठ, एकसष्ट, बासष्ट...” सदुसष्टच्या ‘स’ला दातांतून शिट्टी वाजली.

“गाडी सुटली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हिला सांगा,” आजोबा म्हणाले, “माझ्या आवाजावर लोकांनी गाड्या पकडल्यात. या शिट्टीवर कंडक्टर घंटी देईल.”

खारूने कवळी काढली, चाकू ज्योतीवर धरला, मेण मऊ केलं आणि एक दात केसभर मागे नेला. पुन्हा साठ. पुन्हा शिट्टी, पण लहान. असं चारदा झालं. पाचव्या खेपेला आजोबा सत्तरही ओलांडून गेले आणि थांबेचनात.

ते दोघं वर गेल्यावर आई म्हणाली, “एवढा वेळ? एकदम पक्की करून घासायची ना.”

“पक्की झाली की चूक निघाली तर फोडावी लागते. मेणात असताना कितीही चुका, फुकट. तो खण उघड ना, चिंधी दे एक.”

आईने खण उघडला. चिंध्यांच्या खाली पाच जाड वह्या होत्या. वर खारूचं अक्षर, तारीख, वेळ सुरू, वेळ संपली.

“हे काय?”

“पहिल्या सहामाहीचे जुने पेपर. पुस्तकं गेल्या वर्षीच्या एका मुलीकडून घेतली, रद्दीच्या भावात. सुट्टी झाली की इथेच बसून रोज तासभर घड्याळ लावून लिहिले.” ती चाकू पुसत होती. “त्या संस्थेतल्या सरांना नेऊन दाखवले. चारांत पास. हिशेबाच्या पेपरात नापास.”

“मग?”

“तो परत लिहिला. आता पास. म्हटलं, पैसे भरायच्या आधी मेणात बसवून बघू, तोंडात राहतं का.”

आईने एक वही उघडली. पानापानांवर लाल पेनाचे शेरे, काही ठिकाणी खारूने त्यांच्याखाली लिहिलेली उलट उत्तरं.

“आणि ती संस्था खरी कशावरून?”

“सरकारी यादीत नाव आहे, ते पाहिलं. मग स्वतः गेले. कुलूप नव्हतं. शिंपीही नव्हता.”

“मस्करी नको. पदवी मिळाली तरी काय? आमच्याकडे असले अर्ज तळाशी जातात. मी स्वतः ठेवलेत.”

खारूने पहिल्यांदा मान वर केली. “तळाशी जातात ना? म्हणजे गठ्ठ्यात तरी असतात. एका मोठ्या हॉस्पिटलच्या दातांच्या लॅबला मुख्य हवाय. जागा दोनदा निघाली. दोन्ही वेळा डॉक्टरीणबाईंनी मला अर्ज करायला लावला. कॉम्प्युटरवर भरायचा असतो. पदवीधर आहात का, हो किंवा नाही. नाहीवर बोट ठेवलं की पुढचं पान उघडतच नाही. माझा अर्ज तुमच्या गठ्ठ्यापर्यंत येतच नाही, आई. खालीही नाही.”

आईने वही मिटली.

“आणि भट्टी?” तिने विचारलं, पण आवाजात पूर्वीची धार नव्हती.

“भट्टी घेतली तर दिवसभर इथे करते तेच रात्री घरी करीन. पैसे येतील, नाही असं नाही. पण पन्नाशीत पण मी याच दिव्याखाली असेन.” तिने दिव्याच्या मानेला टिचकी मारली. “मला टेबल चालवायचंय. कुणाला कुठला दात द्यायचा, कोण शिकाऊ, कोण तयार, हे मला कळतं. मालकांनासुद्धा मीच सांगते. फक्त शनिवारावर घोडं अडलंय.”

आता बोलायचं नाही तर कधी? आईने वही खणात ठेवली, खण बंद केला.

“शनिवार मी अडवलाय.”

“म्हणजे?”

“मालकांना मी फोन केला होता. तिला समजवा म्हटलं. तेव्हा त्यांनी ते शनिवारचं काढलं आणि मी नको म्हटलं नाही.”

खारूने चाकू खाली ठेवला. आजोबांच्या जबड्याचा साचा उचलून ट्रेमध्ये ठेवला.

“तीन आठवडे,” ती म्हणाली, “मी त्या माणसाशी धड बोलले नाहीये. बिचारे रोज स्वतःहून चहा मागवत होते. मला वाटलं लाच देतायत.”

“माझ्यावर चीड ना.”

“चिडलेय.” तिने पुढचा ट्रे ओढला. “तू तेव्हा घाबरलीस ते बरोबर होतं. आत्ताही विचारायला हवं होतंस, पण मला. त्यांना नाही.”

“आता तू त्यांना विचार. मी सांगते म्हणून.”

“मी विचारलं तर ते म्हणणार, आईला विचार. त्यांनी शब्द तुला दिलाय, मला नाही.”

वरून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. आईने खालूनच दोन मिनिटं मागितली आणि ती जिन्यात आली. सोमवारी शाळेतून निवांत बोलता येईल, असं एकदा मनात आलं. मुदत मंगळवारची, म्हणजे ते निवांत कुणाच्या सोयीचं होतं, हे तिला लगेच कळलं. नुसता मेसेज टाकला तर मालक त्यावर अंगठा पाठवतील आणि शनिवार तिथेच राहील. बोलायलाच हवं होतं. मुलीवर उपकार करा, असं नाही म्हणायचं. दोन शनिवार मागायचे, त्याबदल्यात खारू रविवारी काय करून देऊ शकते ते विचारायचं, आणि मागच्या वेळचं माझं म्हणणं चुकीचं होतं, हे आधी सांगायचं. ‘आधी’ हे तिने मनात दोनदा म्हटलं, कारण शेवटी सांगायला गेलं की ते राहून जातं.

मग तिने पर्समधून फोन काढला आणि मालकांचा नंबर शोधला.