बारा दिवस कापलेली रजा

शत्रुघ्न घडशीला स्वस्थ बसवत नाही, हे कुवेतच्या फरवानियातल्या त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. एका खोलीत पाच जण राहायचे. शुक्रवारी जेवणं उरकली की चौघे आडवे व्हायचे आणि हा दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालायचा. खालच्या मजल्यावरचा मिसरी, म्हणजे इजिप्तवाला, दोनदा वर येऊन भांडून गेला, पण उपयोग शून्य.

मूळचा तो असा नव्हता. देवरुखजवळच्या गावातून पंच्याऐंशी साली आला तेव्हा चांगला झोपाळू गडी होता. नव्वदच्या ऑगस्टात इराकी सैन्य शिरलं आणि बाकीच्यांबरोबर तोही मिळेल त्या बसने जॉर्डनच्या सीमेवर पोचला. तिथल्या तंबूत विमानाची वाट बघत एकोणीस दिवस नुसता बसून राहिला. करायला काही नाही, जायला कुठे नाही. तेव्हापासून बसायचं म्हटलं की त्याला अडकल्यासारखं व्हायचं. ब्याण्णवला परत आला तो हे दुखणं बरोबर घेऊनच.

त्याचं काम एसी दुरुस्तीचं. जाब्रियात इस्पितळाच्या लोकांची घरं होती, त्यांची देखभाल त्याच्या कंपनीकडे होती. तिथे एक फ्रेंच नर्सबाई राहायची. सगळे तिला मादाम म्हणत. शहाण्णव साली ती कुवेत सोडून निघाली, त्या आठवड्यात शत्रुघ्न तिच्याकडे गॅस भरायला गेला. बाल्कनीत एक धुळीने माखलेली सायकल होती आणि भिंतीवर फ्रान्सचा एक नकाशा, त्यावर लाल पेन्सिलीने ओढलेल्या वेड्यावाकड्या रेघा.

"हे माझ्या नवऱ्याचे रस्ते," मादाम मोडक्या हिंदीत म्हणाली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. "डांबर नाही. खडी, माती, मधोमध गवत. दिवसभरात एखादा ट्रॅक्टर. तो दर उन्हाळ्यात सायकलीने जायचा."

शत्रुघ्नला हसू आलं. त्याच्या गावाचा रस्ता हुबेहूब असाच होता आणि त्यावर डांबर पडावं म्हणून सगळा गाव पंधरा वर्षं अर्ज करत होता. इकडे ही माणसं खडी शोधत हिंडतात! पण नकाशावरून त्याची नजर काही हटेना. शेवटी मादामनेच नकाशा भिंतीवरून काढला, गुंडाळला आणि सायकलीसकट त्याच्या हवाली केला.

मग शुक्रवारची पहाट त्या सायकलीची झाली. खोलीतला अशरफ केरळचा, कंपनीचा पिकअप चालवायचा. तो त्याला कबदच्या वाळवंटात सोडायचा आणि गाडीत घोरत पडायचा. तिथे विजेच्या खांबांखालून गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खडीच्या वाटा होत्या. नियम एकच, मळलेली वाट सोडायची नाही. लढाईत पेरलेले सुरुंग कुठेकुठे अजून जमिनीत होते, आणि वाट सोडून गेलेल्या एका उंटाची गत अशरफने डोळ्यांनी पाहिली होती. शत्रुघ्न चाकापुढच्या दहा हातांवर नजर ठेवून चालवायचा आणि मनातल्या मनात नकाशा वाचायचा. आता डावीकडे कालवा, आता बीच झाडांचं जंगल, आता चढ.

"अरे, इधर तो बस खंभा है," अशरफ म्हणायचा.

"तेरे को दिखता नहीं," शत्रुघ्न म्हणायचा.

आठ वर्षं हे चाललं. दर दोन वर्षांनी साठ दिवसांची रजा मिळायची आणि तो गावी जायचा. पहिला आठवडा बरा जायचा. दहाव्या दिवशी अंगणात फेऱ्या सुरू. कुवेतमध्ये असला की गाव हवं, गावात असला की कुवेत हवं, आणि कुठेही असला तरी मन त्या लाल रेघांवर. बायको, मालन, पडवीत तांदूळ निवडत त्याच्याकडे बघत राहायची. बोलायची काहीच नाही. तिचं ते न बोलणं त्याला टोचायचं, पण थांबून विचारायला स्वस्थपणा लागतो, तोच नेमका त्याच्याकडे नव्हता.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तो सेहेचाळीस वर्षांचा झाला. गुडघा कुरकुरायला लागला होता. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला लख्ख दिसलं आणि त्याने मादामला पत्र टाकलं. तिने निमंत्रणाचं पत्र पाठवलं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. कागदपत्रं बघणारा मंदूब त्याच्याकडे खालीवर बघत राहिला.

"फ्रान्स? उधर क्या है? शादी?"

"रास्ता है," शत्रुघ्न म्हणाला. मंदूबने मान हलवली आणि शिक्का मारला.

हे सगळं जमलं. जमलं नाही ते मालनला सांगणं. दोन वर्षं वाट बघणाऱ्या बाईला कसं सांगायचं, की तुझ्या साठ दिवसांतले बारा मी खडीवर सायकल चालवायला नेतो? त्याने सरळ थाप मारली. "कंपनीने यंदा बारा दिवस कापले. अठ्ठेचाळीसच मिळाले." "बरं," ती म्हणाली. एवढंच. त्या 'बरं'ने त्याला चार रात्री झोप लागली नाही.

पॅरिसहून तो सायकल घेऊन आगगाडीने क्लामसीला उतरला, शनिवारी सकाळी. कालव्याच्या काठाने खडीची वाट निघाली होती, अगदी नकाशात होती तशी. पुढे ती मोर्वाँच्या टेकड्यांत शिरली. दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांच्या भिंती, पलीकडे पांढऱ्या गाई, मधोमध गवताचा पट्टा. चाकाखाली खडीचा आवाज आणि बाकी काहीच नाही. इतकी शांतता की त्याला आपल्याच श्वासाची लाज वाटायला लागली. त्याच्या पाठीवर नऊ लिटर पाणी होतं. कबदला एवढं लागतं. इथे दर दोन मैलांवर ओढा होता, पण पाणी ओतून द्यायला त्याचा हात धजेना.

स्वस्थपणा मात्र आला नाही. कसा येणार? बारा दिवसांचा रस्ता तो झपाटल्यासारखा कापत सुटला. नकाशातलं पुढचं वळण, त्याच्या पुढचं वळण, मग त्याच्याही पुढचं. चौथ्या दिवशी दुपारी एका चढावर तो पाव खायला थांबला. भर रस्त्यात, उभ्या उभ्या. गाई घेऊन चाललेली एक म्हातारी त्याच्यापाशी येऊन थांबली. तिने कडेच्या हिरव्यागार गवताकडे बोट दाखवलं. त्याने नकारार्थी मान हलवली. तिला कळेना. तिला कुठून कळावं, की आठ वर्षं या माणसाने सुरुंगांच्या धाकाने वाटेबाहेर पाऊल टाकलेलं नाही? ती स्वतःच गवतात फतकल मारून बसली आणि त्याच्या शर्टाची बाही ओढून तिने त्याला खाली बसवलं. शत्रुघ्नने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. गवत ओलसर होतं. म्हातारीने पदार्थाचं नाव सांगत चीजचा तुकडा पुढे केला आणि दोघांनी एकमेकांची भाषा न कळता तासभर गप्पा मारल्या. पण त्या तासभरात त्याला एकसारखी मालन आठवत राहिली. बारा दिवस आपण तिच्याकडून मागून घेतलेले नाहीत, तिच्या नकळत उचललेत, हे त्याला तिथे बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं. आणि मग त्याला तिथेही बसवेना.

शुक्रवारी तो एका लहानशा गावात पोचला. शुक्रवार म्हणजे फोनचा वार. गावात फोन आल्यापासून एकही शुक्रवार चुकला नव्हता. चर्चसमोर फोनची काचेची खोली होती. कार्ड त्याने पॅरिसलाच घेऊन ठेवलं होतं. मालन पहिल्याच घंटेला फोनवर आली. त्याने ठरवलेलं सगळं सांगितलं. गरम फार आहे, अशरफ बरा आहे, सामान बांधायला काढलंय, पुढच्या गुरुवारी निघतो. ती हूं हूं करत होती.

"आज बांग नाय झाली ती?" तिने विचारलं.

फरवानियाच्या फोनमागे मशीद होती. दर शुक्रवारी बोलता बोलता दुपारची बांग व्हायची आणि मालन म्हणायची, बांग झाली, ठेवा आता. त्यांचं बोलणं त्या बांगेनेच संपायचं. इतकी वर्षं तिने फोनमधून तेवढंच कुवेत ऐकलं होतं.

तो काहीतरी जुळवायला गेला, तेवढ्यात समोरच्या चर्चची घंटा घणघणायला लागली.

"कुठं हाव तुमी?"

त्याने सांगून टाकलं. नकाशा, मादाम, खडी, कापलेले बारा दिवस, सगळं. बोलताना त्याचा आवाज फाटत होता. "चुकलं माझं. मी उद्याच निघतो. तिकीट बदलून सरळ घरी येतो."

पलीकडे मालनने नाक ओढलं. ती रडते आहे का, हे त्याला कळेना.

"मागितले असते तर दिले असते मी," मालन म्हणाली. "वर्सच्या वर्सं दिली. बारा दिवसांना नाय म्हनले असते?"

"मालन—"

"किती ऱ्हायले?"

"आजचा धरून सहा."

"मंग ते पुरे करा. आर्ध्यातनं येव नका. आर्ध्यातनं आलाव, तर हितं बसून परत तिकडचाच बघाल. मी चौदा वर्सं तेच बघत्ये. हितं पाय असतो, मानूस नसतो." तिचा राग त्याला आता स्पष्ट ऐकू येत होता आणि रागाखालचं दुसरंही. "सहा दिवसांनी या. पन याल ते पुरते या."

शत्रुघ्न "हो" म्हणाला. तिने फोन ठेवला तरी तो रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला, आणि त्या परक्या गावात भर दुपारी लहान मुलासारखा रडला.